आईचा पाळणा आणि राहून गेलेल्या गाड्या

परवा ताईच्या बाळाचं बारसं होतं, नागपूरला. मी आणि आई मात्र इथे भिलाईत... आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं.

पहिला नातू आणि पाळणा म्हणायला आपण नाही, हे तिला फार लागलं होतं. म्हणून तिनं स्वतःच एक पाळणा रचला. बाबा रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे त्यात स्टेशनंच स्टेशनं... दुर्गहून निघायचं, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया करत शेवटच्या कडव्यात नागपूरला बाळापाशी पोचायचं.

मी तो लॅपटॉपवर रेकॉर्ड केला. आणि मग मला प्रयोग सुचायला लागले. दुर्ग स्टेशनच्या पुलावर उभं राहून गाड्यांचे आवाज गोळा केले, प्रत्येक कडव्यानंतर जागा सोडून तिथे एकेक गाडी बसवली.

बारशाच्या सकाळी ताईला फाइल पाठवली आणि निवांत झाले. पाळणा सजला, बायका जमल्या आणि ताईचा फोन... "अगं, हे उघडूनच नाही राहिलं. काय पाठवलं तू?"

पाठवली होती एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल. तिच्यात कुठला आवाज कुठे लावायचा एवढंच असतं, आवाज सगळे माझ्या लॅपटॉपवर. इतक्या दिवसांत त्याची एमपी थ्री करायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आई शेजारी, पाय उशीवर ठेवून. "होऊन राहिलं का नाही? पोरगं झोपून जाईन तिकडे." घाईघाईत एक्सपोर्ट केलं, पाठवलं, व्हिडिओ कॉल लावला.

पाळणा सुरू झाला. आईचा आवाज, राजनांदगाव आलं... आणि पुढे काहीच नाही. नुसती शांतता.

तेव्हा मला आठवलं. रेकॉर्डिंगमध्ये कुठेतरी कुकरची शिट्टी आली होती, ती शोधायला मी बाकीचे ट्रॅक बंद करून फक्त आईचा सोलोवर ठेवला होता. तो तसाच राहिला. म्हणजे एमपी थ्रीत एकटी आईच उतरली होती, माझी एकही गाडी नाही.

तिकडे सगळ्या एकमेकींकडे बघतायत, इकडे आई माझ्याकडे. तेवढ्यात ताईच्या आतेसासूबाई म्हणाल्या, "गाडी थांबली वाटते. धक्का द्या वं बायांनो." आणि त्यांनीच पाळण्याला झोका दिला. लगेच पुढचं कडवं सुरू झालं, जसं काही त्या धक्क्यानंच...

डोंगरगडला सगळ्या तयारच होत्या. गोंदियाला तर दोघी जावांमध्ये, धक्का कोण देणार, यावरून वाद. नागपूर आलं, बाळाच्या आत्यानं त्याच्या कानात नाव सांगितलं, आणि इकडे आई पदरानं डोळे पुसत होती.

मग माझ्याकडे वळली. "आवाज तर माहाच आहे सारा. तू काय करून राहिली होती इतके दिवस?"

आतेसासूबाई, तुम्ही फेसबुकवर नाही, तरी तुमचे आभार इथेच मानते.

काल मी पूर्ण मिक्स नीट एक्सपोर्ट केला, सगळ्या गाड्यांसकट, आणि आईला हेडफोन लावून दिला. तिनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगला आहे," म्हणाली. "पण याच्यात धक्का कोण देते?"