जावयाची बोट
डिझेलचा वास आला की मला पैठणच्या धरणातली ती संथ बोट आठवते. जावयाचे लाड करायचा धोंड्याचा महिना होता आणि ताईचं नुकतंच लग्न झालेलं. "स्पीडबोटीत तू आन् मी," असं वडिलांनी मला घरूनच कबूल केलं होतं. चालकामागं दोघांचीच जागा. मी जॅकेट घालून उभी राहिले, तर वडीलच त्याचे बंद सोडत म्हणाले, "जावयाला नाय म्हणता येतं व्हय? तू बायकांत बस." आमची मोठी बोट धूर ओकत रांगत होती. शेजारून ते दोघं सुसाट गेले, त्यांच्या लाटेनं आम्ही सगळ्या हेलकावलो. मी हात केला. वडिलांनी वळूनही पाहिलं नाही. पुढं माझाही नवरा त्यांचा जावई झाला, पण त्याला मी वडिलांबरोबर त्या धरणावर एकदाही जाऊ दिलं नाही.