मावशीची बदली

माझ्या मावशीच्या अंगात जितकी माणसं नांदतात तितकी सेलूच्या कापूसबाजारातही जमत नसतील. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवून, जिल्हाभर बदल्या सोसून ती सेलूत स्थिरावली आणि गावोगावच्या बायकांना तंटे मिटवायला शिकवू लागली. तिचा धडा एकच. भांडणाऱ्या दोघींनी जागा बदलायची आणि एकमेकींच्या तोंडानं बोलायचं; समोरची "हां, असंच" म्हणेपर्यंत सुटका नाही. याला ती 'बदली' म्हणते. आता सवयच अशी जडली आहे, की बाजारात घासाघीस करताना ती मध्येच भाजीवाली होते आणि स्वतःलाच झापते. घरी तर तिच्याशी भांडायची सोयच नाही. आपल्या मनातलं ती आपल्याच आवाजात आधी बोलून टाकते, आणि अंगावर काटा येतो. एवढं सगळं येत असून सख्ख्या बहिणीशी, म्हणजे माझ्या आईशी, धरलेला अबोला मात्र तिला सोडता आला नाही. आई तशीच गेली.

परवा मी तिला गाडीवरून राणीसावरगावला नेलं. तिथं दोन जावांचं वैर इतकं पेटलं होतं, की नवऱ्यांच्या हाती कुऱ्हाडी यायच्या बाकी होत्या. सासू तहानेली गेली, आणि ते पाप दुसरीचं, असं दोघींचंही म्हणणं. बदली करूनही मिटेना. तेव्हा मावशी दोघींच्या मधल्या रिकाम्या जागी सरकून बसली. भर दुपार होती, तरी धडा शिकायला जमलेल्या बायकांनी पदर आवळून घेतले. त्या गेलेल्या सासूला मावशीनं कधी पाहिलंही नव्हतं. पण मावशीची मान डावीकडे कलली, आवाज चिरका झाला.

"थोरले, पाणी दोघींनी बी पाजलं गं. मलाच गिळंना झालतं."

थोरली पांढरीफटक पडली, कारण सासूची मान अगदी तशीच कलायची. "हां, असंच," धाकटी पुटपुटली, आणि तिनं थोरलीचा हात धरला. मावशीनं चष्मा पुसला आणि चहाचं काय झालं म्हणून विचारलं.

परतताना मला राहवलं नाही. गाडी थांबवून म्हटलं, एकदा आईच्या जागी बस ना.

"लय डाव बसले. सगळ्यांचं बोलणं येतं, तिचंच येत न्हाई."

मग मीच आई होऊन बोलतो, म्हणालो. तिनं ज्वारीच्या रानाकडे तोंड फिरवलं.

"नको बाबा. तू मला लगेच माफ करशील. ती आधी चार शिव्या घालायची. मला त्या शिव्याच ऐकायच्यात."