मिक्सरचं नाव

कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. लिहिण्याचं धाडस करतोय, सांभाळून घ्या.

आईच्या लग्नात मामानं दिलेल्या मिक्सरचा जार फुटला. तिला दुसरा मिक्सर नको होता. मी हॉस्टेलवरून चौकशी केली. मिक्सरची कंपनी दुसरीनं घेतली होती, दुसरीला तिसरीनं. मिक्सरवरचं नाव मात्र तेच होतं. फोनवर सांगितलं तर आई हसली.

"बरंय बाबा त्याचं! इतकी घरं फिरला तरी नाव टिकलं. माझं तर लग्नातच बदललं."

मामा तिला ताईच म्हणतो. तिचं माहेरचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. आता विचारलं, तर म्हणाली, "आधी जार आण."

तिसऱ्या कंपनीकडे जार मिळाला. काल आईचा फोन आला.

"जार बसला, चटणी झाली. आणि ऐक, माझं नाव शेवंता."