न आलेल्या सरकारांची खुर्ची

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली. वही माझ्यापुरतीच आहे, तरी आधी माफी मागते.

मी सिंगापूरला मुलाकडे राहते, बिशान भागातल्या फ्लॅटवर. सूनबाई पीएचडी करत होती. विषय अमेरिकेतल्या एका जुन्या विद्वान मंडळाचा. ते लोक आपसात मतं घेऊन परदेशातल्या उमरावांना सभासद करून घ्यायचे. मी भाजी निवडत बसले की ती समोर बसून मराठीत सांगायची.

"पण ते यायचे का गं?"

"कुठले येतायत, आई! काहींनी तर उत्तरसुद्धा दिलं नाही. एकाचं आभाराचं पत्र आलं, तोवर ज्यानं त्याचं नाव सुचवलं तोच वारला होता."

म्हटलं, मग आमच्या दादासारखंच. माझ्या लग्नपत्रिकेत दादानं संस्थानच्या सरकारांचं नाव छापलं होतं, त्यांना न विचारताच. मांडवात पुढे त्यांची खुर्ची ठेवली, वर पांढरी चादर. पंगती उठल्या तरी कुणाला बसू दिलं नाही. सून हसून हसून लोळली. "मामांना प्रबंधात घेते," म्हणाली.

गेल्या वर्षी दादा अंथरुणाला खिळला. नेमकं तेव्हाच फ्लॅटचं भाडं वाढलं होतं, मुलाच्या हातात काही नव्हतं. सूनबाईनं मंडळाचे जुने कागद बघायला अमेरिकेला जायचं म्हणून पैसे साठवले होते. त्यातून तिनं माझं गावी जायचं तिकीट काढलं.

"कागद कुठं पळून जात नाहीत, आई. तुम्ही निघा."

मी पोचले तेव्हा माणसं स्मशानातून परत आली होती. खाटेशेजारी एक खुर्ची होती. वहिनी म्हणाली, "कुणाला टेकू देत नव्हते. म्हणायचे, सिंगापूरहून बहीण येतेय माझी."

मला त्या खुर्चीवर बसवेना.

परत आल्यावर ह्यांच्या पेन्शनमधून सूनबाईला दर महिन्याला तिकिटाचे थोडे थोडे पैसे देऊ लागले. ती नको नको म्हणायची. मध्येच तिनं यिशुन भागातल्या एका शाळेत नोकरी धरली. मला वाटलं, तात्पुरतीच असेल.

काल शेवटचे दिले. म्हटलं, "आता जाऊन ये तिकडे."

ती ओटा पुसत होती. "पीएचडीची मुदत संपली, आई. कागद बघितल्याशिवाय पुढं लिहिता येईना, म्हणून नाव काढून घेतलं. आता तिकडं कुणी वाट बघत नाहीये."

मग तिनं पैसे पर्समध्ये ठेवले, मला बरं वाटावं म्हणून. सगळे फिटले.