मुंगी चावेल हं

जुलाबांनी आई गळून गेली होती. सलाईन लावायचं होतं, पण शीर सापडत नव्हती. डॉक्टर फिरकले नाहीत म्हणून मी सिस्टरवरच ओरडत होतो. ती आईच्या मनगटावर हलकेच टिचक्या मारत म्हणाली, “आजी, मुंगी चावेल हं.”

“मुंगी कसली, विंचू म्हण की गं!” आई हसली, तेवढ्यात सुई आत गेलीसुद्धा.

“दादा, तुम्ही ओरडलात की आजी हात आखडतात,” मला एवढंच सांगून सिस्टर पलीकडच्या खाटेकडे वळली. तिथेही कुणीतरी आवाज चढवून तयारच होतं.

डॉक्टरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण असला राग त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, वाटेत सिस्टरलाच डसतो. आणि डसण्याआधी तिला कुणी सांगत नाही, की बाई, मुंगी चावेल हं.