मुकं केलेलं धनुष्य

आमच्या घरात आवाज वाढवायची पद्धत नव्हती. रेडिओ लागायचा तो कान लावून ऐकावा लागेल इतका हळू. आईवडिलांची भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची, त्यामुळे ती नेमकी कशावरून चाललीत हे मला मोठी होईपर्यंत कळलं नाही. नाशिकच्या एका कामगार वसाहतीत बैठ्या घरांची ओळ होती, तिथं आम्ही सगळ्यांत शेवटी राहायला आलो होतो. भिंतीवर बुद्धाची तसबीर असलेलं ओळीतलं घर आमचं एकटंच. कुणी आम्हाला काही बोलायचं असं नाही. पण कुणावर बोलायची वेळच येऊ नये, अशी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, खटपट असायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा आमचा कुळाचार म्हणा ना.

अशा घरात मी धनुष्य घेऊन आले.

ऐंशीनंतरचा एखादा उन्हाळा असेल. नववीची परीक्षा नुकतीच संपली होती. आमच्या पी.टी.च्या बाई काही मुलींना तिरंदाजी शिकवायच्या. सुट्टीत मैदान बंद राहणार आणि सुट्टीच्या शेवटी जिल्ह्याच्या संघाची निवड, म्हणून बाईंनी शाळेचं एक बांबूचं धनुष्य मला घरी न्यायला दिलं. निवड झाली तर राज्य स्पर्धेसाठी नागपूरला जायला मिळणार होतं. मी तोवर अण्णांच्या गावापलीकडे, सायखेड्यापलीकडे, कधी गेले नव्हते. नागपूरला रेल्वेत बसून जायचं, तेही माझ्या नेमबाजीच्या जोरावर, या विचारानं मला जेवण गोड लागेना.

घरामागं कुंपणाची भिंत होती. भिंत आणि घरं यांच्यामध्ये एक अरुंद पट्टा मोकळा होता. त्याच्या टोकाला बारदानात पेंढा ठासून मी लक्ष्य तयार केलं. अण्णा त्या महिन्यात रात्रपाळीला होते. सकाळी कारखान्यातून यायचे, चहा घेऊन आडवे व्हायचे, की मी मागच्या दारानं बाहेर.

बांबूचं धनुष्य गप्प बसत नाही. दोरी सुटली की फट् असा आवाज होतो, मग दांडा थरथरत राहतो आणि ती थरथर मुठीतून कोपरापर्यंत मुंग्यांसारखी चढते. बाण पेंढ्यात घुसल्याचा आवाज वेगळाच. मैदानावर हे कधी जाणवलं नव्हतं. त्या पट्ट्यात मात्र भिंतीवर आदळून प्रत्येक फट् दुप्पट होऊन परत यायचा. मला तो आवडायचा, हे खरं सांगते. घरात माझ्या हातून झालेला पहिला मोठा आवाज होता तो.

आठवडाभरात शेजारचे गृहस्थ दारात आले. अण्णा नुकतेच पाळीवरून येऊन पाय धूत होते. तुमच्या मुलीचं हे युद्ध किती दिवस चालणार, असं त्यांनी विचारलं. शांत वस्ती आहे, आम्ही इथं पहिल्यापासून राहतो, असंही म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. अण्णांनी ओल्या हातांनीच हात जोडले.

“चुकलं साहेब. पोरगी हाय, तिला कळलं नाय. आता नाय त्रास व्हायचा.”

मी दाराआड उभी होते. रात्रभर उभं राहून काम करून आलेला माणूस, आणि दुसऱ्याच्या शांततेसाठी त्यानं वाकायचं. चूक माझी आणि वाकले अण्णा. माझी कानशिलं तापली, धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. अण्णा आत आले, माझ्याकडे न बघता चहा प्यायले आणि झोपले. सोड म्हणाले नाहीत, चालू ठेव म्हणाले नाहीत. मी विचारलं नाही. अशा गोष्टी आमच्याकडे विचारायच्या नसत, आणि विचारायच्या तर कोणत्या तोंडानं, हाच प्रश्न असे.

मी बाईंच्या घरी गेले. आवाज कसा कमी करायचा, एवढंच विचारलं. का, ते सांगायचीही लाज वाटली. बाईंनी दोन-तीन उपाय सांगितले. दोरीला पीळ देऊन ती जरा आखूड करायची, म्हणजे दांड्यापासून दूर राहते आणि कमी आपटते. दोरी जिथं दांड्याच्या टोकांना टेकते तिथं कापडाची पट्टी चिकटवायची. आणि दोरीवर दोन्ही टोकांकडे लोकरीचे छोटे गोंडे बांधायचे, ते थरथर पिऊन टाकतात. “पण थोडंच हं,” एवढं त्या दारापर्यंत येऊन म्हणाल्या.

लोकर घरात होती. अण्णांचा जुना मातकट मफलर ट्रंकेत पडून होता, थंडीत पाळीला जाताना सायकलवर गुंडाळायचे तो. कसर लागल्यावर आईनं त्यांना नवा घेऊन दिला होता. मी जुना उसवला. टोकांकडे गोंडे बांधले तरी घुंघुं उरलीच, म्हणून मधल्या भागाकडेही बांधले. दोरीला पीळ देत गेले, देत गेले. दांड्याला पट्टी गुंडाळली, तिच्यावर आणखी एक. आई स्वयंपाकघरात उभी राहायची, मी बाण सोडायचा आणि खिडकीतून तिच्याकडे बघायचं. ती मान हलवायची, येतोय अजून. आम्ही दोघी त्यात अशा रंगलो होतो की घरफोडीची तयारी चाललीय असं वाटावं. शेवटी एक दिवस ती खिडकीत आली आणि म्हणाली, “सोड ना आता.” मी बाण केव्हाच सोडलेला होता.

मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. पेंढ्याचा आवाज येऊ नये म्हणून बारदानावर जुनी गोधडी टाकली, आणि पुढचे सगळे दिवस चोरासारखा सराव केला. अण्णा उठायच्या आत धनुष्य पलंगाखाली जायचं. त्यांना काही सांगायचं नाही, असं आई आणि मी न बोलताच ठरवून टाकलं. सांगितलं तर पुन्हा त्या हात जोडण्याचा विषय निघाला असता. अण्णा त्या दिवसांत फार उतरलेले दिसायचे. डोळे लाल, जेवण कमी. आई म्हणायची, उन्हाळ्यात दिवसाची झोप कुणाला लागते. निदान माझ्यामुळे तरी त्यांची झोपमोड होत नाही, असं म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घ्यायचे.

निवडीच्या सकाळी मी बाईंबरोबर मैदानावर गेले. ओळीत उभ्या राहिलेल्या मुलींची धनुष्यं फटाफट वाजत होती, माझं तेवढं मुकं. तीस मीटरवर निभावलं. मग लक्ष्य पन्नास मीटरवर नेलं. घरामागच्या पट्ट्यात एवढं अंतर मला कधी मिळालंच नव्हतं. पहिला बाण सुटला आणि लक्ष्याच्या अलीकडे मातीत जाऊन बसला. मी नेम वर धरला. दुसरा कसाबसा लक्ष्याच्या पायाला लागला, तिसरा पुन्हा मातीत. अति तिथे माती म्हणतात, ती मी डोळ्यांनी बघत होते. बाई धावत आल्या, दोरी हातात घेऊन बघितली आणि कपाळाला हात लावला. एवढी लोकर ओढण्यातच दोरीचा जोर संपतोय, म्हणाल्या. आणि पीळ देऊन एवढी आखूड केलीस, तर बाणाला ढकलायला दोरीला अंतर उरणार कुठून?

“काढ ती लोकर. अजून बाण शिल्लक आहेत तुझे.”

त्यांनी ब्लेडही पुढं केलं. मी घेणार तेवढ्यात मैदानाच्या कडेला सायकल दिसली. अण्णा होते. पाळीवरून घरी गेले असणार, आईनं सांगितलं असणार, आणि तेलकट कपड्यांवरच ते तसेच आले होते. ते माझ्याकडेच बघत होते.

मी लोकर काढली नाही. इतकी धनुष्यं वाजत होती, त्यात माझं कुणाला ऐकू आलं असतं? पण ज्या आवाजापायी अण्णांनी हात जोडले, तो मी त्यांच्या देखत कसा काढू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी बाईंना मानेनं नको म्हटलं आणि उरलेले बाण तसेच मारले. बहुतेक मातीत गेले. माझं नाव यादीत येणार नाही हे कळायला यादीची गरज नव्हती.

अण्णा जवळ आले. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. त्यांनी दोरीवरचा एक गोंडा दोन बोटांत धरला आणि चोळून पाहिला.

“ही माझ्या मफलरची लोकर ना?”

मी हो म्हटलं. तुमची झोपमोड नको, शेजारच्यांचं बोलणं नको, म्हणून बांधली, असं काहीतरी पुटपुटले.

“म्हंजे तू सोडलं नव्हतंस,” ते म्हणाले. “मला वाटलं, मी हात जोडले म्हणून सोडलंस. रोज सकाळी आवाजाची वाट बघत पडायचो. आधी तो ऐकता ऐकता झोप लागायची. नंतर काय लागलीच नाय.”

मग विचारलं का नाहीत, असं मी म्हटलं. त्यांनी मान खाली घातली.

“लाज वाटली.”

घरी येताना ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. ओळीच्या कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, धनुष्य परत कधी द्यायचंय? शाळा उघडली की, मी म्हटलं. “मग उद्या वाजव,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सगळी लोकर कापून टाकली, पट्ट्या सोडवल्या, पीळ उलगडला. अण्णा पाळीवरून आले, चहा घेऊन आडवे झाले. मी पहिला बाण सोडला. फट्! भिंतीवरून तो दुप्पट होऊन आला आणि शेजारची खिडकी उघडली. ते गृहस्थ नुसते बघत राहिले. माझी कानशिलं पुन्हा तापली, धनुष्य आपोआप खाली आलं. आता अण्णा बाहेर येणार, हात जोडणार, या भीतीनं मी दाराकडे बघत उभी राहिले. कुणी आलं नाही. मी आमच्या खिडकीतून आत वाकून पाहिलं. अण्णांना झोप लागली होती.