शेवटच्या पानावरची रेषा

कुठलाही कागद हातात आला की काका तो आधी उलटा करायचे आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागायचे. लग्नाची पत्रिका असो नाहीतर हॉटेलातलं मेन्यूकार्ड. त्यामुळे आमची ऑर्डर गुलाबजामपासून सुरू व्हायची. "पुढची पानं फोटो काढण्यापुरती असतात रे," म्हणायचे, "खरं काय ते मागे."

असा एखादा तुमच्याही ओळखीत असेलच. आमचे काका अमेरिकेत, टेक्सासातल्या शुगर लँडमध्ये आमच्या शेजारी, लेकीकडे राहायचे. जन्मभर बंदरं बांधली. निवृत्तीनंतर छोट्या बेटांवरची सरकारं त्यांच्याकडे करार तपासायला पाठवायची. त्यांचा प्रिंटर कायम बंद, म्हणून कागद माझ्या मेलवर यायचे आणि प्रिंटही माझ्याकडे.

एका शनिवारी असाच गठ्ठा निघाला. एका चिमुकल्या देशात परदेशी कंपनी बंदर बांधणार होती; सोमवारी सही. करारात लिहिलं होतं, किनारा कोळ्यांचाच राहील. काकांचं बोट मात्र शेवटच्या नकाशावर अडलं. कंपनीची हद्द समुद्रातून वर थेट भरतीच्या रेषेपर्यंत आली होती.

"अरे, होड्या ओढतात त्या ओहोटीच्या वाळूत. ती सगळी गेली. कोळ्यांना उरलं काय? माडांची मुळं!"

तिथल्या बंदर खात्याच्या बाईंना त्यांनी लगेच फोन लावला. बाई घाबरल्या. आता बदल मागितला तर कंपनी निघून जाईल, म्हणाल्या.

"जाऊ दे की! एवढं खोल पाणी दुसरीकडे मिळत असतं तर तुमच्या दारात आले असते का? रेषा ओहोटीपर्यंत खाली न्या, होड्यांना वाट ठेवा. तोवर सही करू नका."

फोन ठेवला तरी ते नकाशावरचं बोट काढेनात. मी म्हटलं, "काका, एवढं काय? चहा घ्या बघू."

"एकदा मी पुढून वाचलं होतं," ते म्हणाले. "दुसरं बेट. नकाशा बघायचा राहिला. तिथले कोळी आता पास दाखवून समुद्रावर जातात. गेट उघडलं तर."

मला फार वाईट वाटलं. चहा तसाच निवला.

सोमवारी सही झाली नाही, एवढं कळलं. नंतर काका रोज दारात. "आला का रे काही मेल?" नाही म्हटलं की परत फिरायचे. उन्हाळ्यात ते झोपेतच गेले.

मागच्या आठवड्यात बाईंचा मेल आला. सह्या झालेला करार, काकांसाठी. मी सगळा प्रिंट केला आणि गठ्ठा उलटा केला. रेषा ओहोटीवर गेली होती. होड्यांची वाट ठिपक्यांनी दाखवली होती.

गठ्ठा त्यांच्या लेकीला नेऊन दिला. ती तो सुलटा करायला लागली.

"राहू दे," मी म्हटलं. "असाच राहू दे."